कानावर घालून ठेवा

मंगळवारी संध्याकाळी नोकरी शोधणाऱ्यांच्या गटाच्या त्या खोलीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा पिशवीत रिझ्युमेच्या वीस प्रती होत्या. दोन तासांनी बाहेर पडले तेव्हाही वीसच होत्या. कुणी मागितल्याच नाहीत. त्याऐवजी एक कोरी वही मिळाली, एका अनोळखी माणसाचा फोन नंबर मिळाला आणि पुढच्या मंगळवारपर्यंत करायचं एक काम मिळालं.

तोवर नोकरी जाऊन चार महिने झाले होते. यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात मी सोळा वर्षं होते. कोटेशनं मागवायची, तुलनेचा तक्ता करायचा, परचेस ऑर्डर काढायची आणि माल हातात पडेपर्यंत वेंडरच्या मागे लागायचं. मग कंपनीने खरेदीचं सगळं काम मुख्य कार्यालयात नेलं आणि आमच्यातल्या नऊ जणांच्या हातात एकाच दुपारी रिलीव्हिंग लेटर पडलं. पहिला महिना मी धडाक्यात अर्ज केले. तीच माहिती पुन्हापुन्हा भरायची, रिझ्युमे अपलोड करायचा, बटण दाबायचं. चार महिन्यांत ११२ अर्ज झाले. सात ठिकाणांहून उत्तर आलं, दोन मुलाखती झाल्या. दुसऱ्या मुलाखतीचं पुढे काय झालं ते मला आजही कुणी कळवलेलं नाही.

या काळात माझं एक असं झालं होतं की वेळ भरपूर आणि हातून काहीच होत नाही. बँकेतलं दहा मिनिटांचं काम मी तीन दिवस पुढे ढकललं. मी आळशी झालेय असंच मला वाटायचं आणि त्याची लाज वाटायची. पुढे कधीतरी मारियेनतालविषयी वाचनात आलं. ऑस्ट्रियातलं हे छोटं गाव एका कापडगिरणीवर जगत होतं. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या संशोधकांनी त्या गावाचा बारकाईने अभ्यास करून १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. रस्त्यातून जाणाऱ्या माणसांच्या चालण्याचा वेगसुद्धा त्यांनी मोजला होता. बेकार पुरुष सावकाश चालायचे, मध्येमध्ये उगाच थांबायचे. हाताशी दिवसच्या दिवस मोकळे असूनही गावच्या वाचनालयातून नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली होती. ते वाचलं आणि मला रडू कोसळलं. म्हणजे हे माझ्या एकटीचं नव्हतं तर.

गटाविषयी मला माझ्या नणंदेने सांगितलं. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली, आठवड्यातून एकदा दोन तास, फी नाही. चालवणारे गृहस्थ कारखान्यांमधून पर्सोनेल अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळे सर म्हणायचे. दर वेळी बारा-पंधरा माणसं असायची. लेखापाल, ड्रायव्हर, नुकती पदवी घेतलेली दोन मुलं, मूल झाल्यावर सहा वर्षांनी परत कामाला लागू पाहणारी एक बाई, आणि माझ्यासारखे अध्येमध्ये अडकलेले.

दारातच एक नियम लिहिलेला होता. खोलीत जे बोललं जाईल ते खोलीतच राहील. त्याचं महत्त्व मला नंतर कळलं, कारण काहीजण नोकरीत असतानाच दुसरी शोधत होते आणि साहेबाच्या कानावर गेलं असतं तर हातचीही गेली असती. दुसरा नियम सरांनी तोंडी सांगितला, तोही दर आठवड्याला न चुकता. नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, मग त्याला नोंदणी फी म्हणोत, ट्रेनिंगचं डिपॉझिट म्हणोत नाहीतर आणखी काही, तर तिथेच थांबायचं आणि गटाला सांगायचं. अडलेल्या माणसाला लुबाडणारे टपलेलेच असतात. आमच्यातल्या एका मुलाने गटात यायच्या आधी अशी रक्कम भरून टाकली होती. तो ते सांगत असताना कुणी त्याला ‘एवढंही कळलं नाही का’ असं म्हटलं नाही. त्या खोलीवर माझा विश्वास बसला तो त्या क्षणी.

मग ओळख करून द्यायची पाळी आली. टेबलावर एक छोटं टायमर होतं. प्रत्येकाला चाळीस सेकंद. मी उभी राहिले आणि म्हणाले, “मी सोळा वर्षं खरेदी विभागात होते. सध्या नोकरी शोधतेय. काहीही चालेल.” पंधरा सेकंदांत संपलं. सर माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी साधेपणाने म्हणाले, “ताई, तुम्हाला काहीही चालेल, हे ऐकून मी तुमच्यासाठी कुणाला फोन करू?”

मला उत्तर देता येईना. मी नम्रपणा दाखवत होते, पडेल ते काम करायची तयारी दाखवत होते, आणि त्यामुळेच समोरच्याला माझ्यासाठी काहीच करता येत नव्हतं. त्याला माझी आठवण कधी यावी? कुठली जागा निघाल्यावर? हे मीच सांगायला हवं होतं. त्या संध्याकाळी आणि नंतरचे तीन मंगळवार मी ते चाळीस सेकंद घासत राहिले. शेवटी ते असं झालं: “कास्टिंग आणि फोर्जिंगचे, म्हणजे धातू ओतून आणि ठोकून घडवलेले, सुटे भाग विकत घ्यायचं काम मी सोळा वर्षं केलं. माल वेळेवर येत नसेल तर नेमकं कुठे अडतंय ते शोधून तो वेळेवर आणणं ही माझी हातोटी. पंप, व्हॉल्व्ह किंवा शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यातल्या कुणाशी मला पंधरा मिनिटं बोलायचंय.” हे ऐकल्यावर पाठीमागून एकजण म्हणाला, “माझा मेहुणा पंपांच्या कंपनीत डिझाइनला आहे, विचारतो.” आधीचे तीन आठवडे तो माणूस माझ्या शेजारीच बसत होता.

वहीचं काम पहिल्याच दिवशी दिलं होतं. पाच रकाने आखायचे. नाव, ओळख कशी, शेवटचं बोलणं कधी झालं, त्या व्यक्तीला काय विचारायचं आणि विचारल्यावर काय झालं. पन्नास नावं लिहून आणायची होती. मी सतराला थांबले. भाऊ, नणंदा, कॉलेजच्या मैत्रिणी, बरोबरच काढून टाकलेले सहकारी. या सगळ्यांना माझी अडचण माहीत होती आणि सगळेच ‘बघतो’ म्हणाले होते. ते खरंच बघतही होते, पण त्यांना दिसत होतं तेवढंच, जे मला दिसत होतं.

हे बोलून दाखवलं तेव्हा सरांनी मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचं काम समजावलं. बॉस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात नोकरी बदललेल्या माणसांना त्याने विचारलं होतं की ही जागा तुम्हाला कशी कळली. निम्म्याहून जास्त जणांना ती ओळखीतून कळली होती. ज्यांना अशी ओळखीतून कळली त्यांना त्याने पुढचा प्रश्न केला, की त्या माणसाची तुमची तेव्हा भेट किती वेळा व्हायची? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त, असं म्हणणारे जेमतेम १७ टक्के निघाले. अधूनमधून म्हणणारे ५६ टक्क्यांच्या आसपास आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही क्वचित म्हणणारे २८ टक्क्यांच्या आसपास. १९७३ साली त्याने हा विचार मांडला: जवळची माणसं आपल्याच वर्तुळात वावरतात, म्हणून त्यांच्याकडची माहितीही आपल्याकडचीच असते. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळात पाय असलेल्या लांबच्या ओळखीतून. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून जास्त वापरकर्त्यांवरचा पाच वर्षांचा प्रयोग ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला, त्यातही लांबच्या ओळखींचाच उपयोग जास्त दिसला. फक्त एक फरक होता. अगदीच पुसट ओळख फारशी कामाची नाही, मध्यम लांबीची हवी, म्हणजे काही समाईक माणसं असलेली.

“आता पुन्हा यादी करा,” सर म्हणाले. “ज्यांना लग्नाला बोलावलं नव्हतं त्यांची.” पुढच्या मंगळवारी माझ्या वहीत ८३ नावं होती. वेंडरकडची क्वालिटीची माणसं, ट्रान्सपोर्टवाले, ऑडिटला येणारा मुलगा, जुन्या शेजारीण बाई, एका ट्रेनिंगमध्ये तीन दिवस शेजारी बसलेली बाई.

यादी झाली, पण फोन होईना. इथे माझं घोडं अडलं आणि मी बघितलं, बहुतेकांचं इथेच अडतं. मला तो वशिला वाटत होता. आमच्या घरात वशिला हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. सहा वर्षं ज्याची साधी चौकशी केली नाही त्याला गरज पडल्यावर फोन करायचा आणि तोंड वेंगाडायचं, हे मला जमणारं नव्हतं. सरांशी यावर मी बराच वाद घातला. त्यांचं म्हणणं मला आज पटतं. लायक नसलेल्या माणसाला आत घुसवायला कुणी शब्द टाकला तर तो वशिला. जागा आहे हेच ज्याला कळणार नाही त्याला ती कळवणं म्हणजे वशिला नव्हे. पुढची मुलाखत त्याची त्यालाच द्यायची असते. आणि मी यात माझं एक घालते: ज्यांच्या घरात अधिकारी, डॉक्टर, कारखानदार आहेत त्यांना हा प्रश्न कधी पडतच नाही. त्यांच्या ओळखी जेवणाच्या टेबलावरच असतात. ज्यांच्या घरात त्या नाहीत त्यांनाच ‘स्वतःच्या हिमतीवर मिळव’ म्हणून सांगितलं जातं. त्या खोलीत आम्ही एकमेकांना ओळखी उसन्या देत होतो, हे मला फार न्यायाचं वाटतं.

दर मंगळवारी जोड्या लावलेल्या असायच्या. माझ्या जोडीला छपाईच्या कारखान्यात प्लेटमेकिंगला, म्हणजे छपाईच्या प्लेटा बनवायच्या कामात, तीस वर्षं काढलेले एक गृहस्थ होते, वयाने सत्तावन्न. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला ताई. ही जोडीची पद्धत तशी जुनी. नेथन अझ्रिन या मानसशास्त्रज्ञाने इलिनॉय राज्यातल्या कार्बनडेल इथे बेकार माणसांचा असा ‘जॉब क्लब’ काढला आणि त्याचे निष्कर्ष १९७५ मध्ये छापले. एकमेकांना जागा सांगायच्या, जोडीदाराने शेजारी बसून फोन ऐकायचा, घरच्यांनाही यात सामील करून घ्यायचं. दोन महिन्यांत क्लबातल्या ९० टक्के लोकांना काम लागलं आणि स्वतःचं स्वतः शोधणाऱ्या तशाच लोकांपैकी ५५ टक्क्यांना. सरांनी हे आकडे पहिल्या दिवशी सांगितले असते तर मला ती जाहिरात वाटली असती. त्यांनी सांगितले ते दादा आणि मी शेजारी बसून फोन लावायला लागल्यावर.

तो पहिला फोन मला अजून शब्दन् शब्द आठवतो. एका फाउंड्रीतला, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातला, क्वालिटीचा माणूस, सहा वर्षांत बोलणं नाही. दादांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात ‘नोकरी मागायची नाही’ असं लिहून तो माझ्यासमोर धरला. रिंग वाजत होती तेव्हा माझ्या तळहाताला घाम फुटला होता.

“ओळखलंत का?” मी नाव सांगून विचारलं.

“अहो मॅडम, ब्लोहोलवाली चाळीस कास्टिंग तुम्हीच परत पाठवली होतीत ना?”

ब्लोहोल म्हणजे ओतलेल्या धातूत राहिलेली वायूची पोकळी. मला वाटलं, संपलं. पण तो म्हणाला, “बाकीचे नुसतं रिजेक्शनचं पत्र पाठवायचे. तुम्ही स्वतः येऊन भट्टीजवळ उभ्या राहिलात, वाळू ओली आहे हे आमच्यासोबत शोधलंत. बोला.” मी माझे चाळीस सेकंद बोलले. मग म्हटलं की मला तुमच्याकडे नोकरी नकोय, या क्षेत्रात सध्या काय चाललंय ते समजून घ्यायचंय, आणि आणखी कुणाशी बोलू ते सांगा. तो आता पंप बनवणाऱ्या कंपनीत होता. तिथे जागा नव्हती. बारा मिनिटं बोलणं झालं. शेवटी मी म्हणाले, “कुठे काही निघालं तर कानावर घालून ठेवा.” त्याने त्याच वेळी व्हॉल्व्हच्या कारखान्यातल्या एका बाईंचं नाव दिलं आणि त्यांना आधी विचारून मग नंबर पाठवतो म्हणाला. आधी विचारतो, हे मला फार आवडलं. आमच्या गटातही तोच नियम होता. समोरच्याची परवानगी घेतल्याशिवाय नंबर पुढे सरकवायचा नाही.

फोन ठेवल्यावर दादांनी कागद उलटा केला. त्यावर त्यांनी वेळ लिहून ठेवली होती, माझं बोलणं किती मिनिटं आणि त्याचं किती. त्याचं आठ, माझं चार. “बरोबर झालं,” ते म्हणाले.

सगळे फोन असे झाले नाहीत. ३४ फोन केले, ११ जणांनी उचललेच नाहीत किंवा परत केले नाहीत. एका जुन्या सहकाऱ्याने मी काही मागायच्या आतच ‘आमच्याकडे काही नाही हं’ म्हणून ठेवून दिला. त्या दिवशी मी दादांना म्हटलं की आता बास. पण यासाठीही खोलीत तयारी करून घेतलेली होती. सर दर वेळी विचारायचे, “या आठवड्यात काय बिनसू शकतं? आणि बिनसलं तर त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही काय करणार?” उत्तर वहीत लिहायचं. मिशिगन विद्यापीठात १९८०च्या दशकात बेकारांसाठी तयार झालेल्या कार्यक्रमातही हीच पद्धत होती, नकाराची लस आधीच टोचून घ्यायची. माझ्या वहीत लिहिलं होतं, ‘दादांना फोन करणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यादीतलं सगळ्यात सोपं नाव लावणार.’ तेच केलं.

गटात सगळंच छान होतं असं नाही. काहीजण फक्त घ्यायला यायचे. काम लागलं की दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. एक गृहस्थ इतके बोलायचे की दोन मुली येईनाशा झाल्या आणि सरांनी टायमर सगळ्यांनाच सारखा लावायला हवा होता असं मला तेव्हाही वाटत होतं. आणि मूल झाल्यावर परत उभं राहू पाहणाऱ्या त्या बाईला ओळखींपेक्षा मूल सांभाळायला दुपारी तीन तास कुणीतरी हवं होतं. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

व्हॉल्व्हच्या कारखान्यातल्या बाईंनी मला प्रत्यक्ष बोलावलं, वीस मिनिटं दिली आणि त्यांच्याकडेही जागा नव्हती. परत आल्या आल्या मी त्यांना आभाराचा मेसेज केला आणि फाउंड्रीवाल्यालाही कळवलं, काय बोलणं झालं ते. मधल्या माणसाला कळवणं बहुतेकांकडून राहून जातं. मग तो दुसऱ्यांदा कशाला शब्द टाकेल? पाच आठवड्यांनी त्याच बाईंचा फोन आला. त्यांच्या ओळखीच्या एका कारखान्यात खरेदी सांभाळणारा माणूस सोडून चालला होता, जाहिरात अजून निघायची होती. दोन मुलाखती झाल्या. पहिल्या मुलाखतीत मी ब्लोहोलची गोष्ट सांगितली. नोकरी जाऊन आठ महिने झाले होते तेव्हा ऑफर लेटर आलं.

दादांचं कठीण होतं. त्यांच्या यादीत ३१ नावं, त्यातली २६ छपाईतली. जो धंदा आकसत होता त्याच्यातच सगळी ओळख, त्यामुळे ज्याला फोन लावावा तोच म्हणायचा, तुम्हाला काही कळलं तर मलाही सांगा. मी सोळा वर्षं पॅकिंगचे बॉक्सही विकत घेत होते. कार्टन बनवणाऱ्या एका वेंडरकडे बॉक्सवरचा रंग दर लॉटला बदलायचा म्हणून मी किती भांडले होते, आणि शेजारी बसलेल्या माणसाने तीस वर्षं रंग जुळवण्यात घालवली होती, हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले. त्या वेंडरला मी आधी विचारलं, मग नंबर दादांच्या वहीत गेला. ते बोलले, त्यांनी जुने नमुने नेऊन दाखवले. प्लेटमेकिंगची नाही, छपाईची क्वालिटी बघायची जागा आहे. पगार आधीपेक्षा कमी सांगितलाय.

माझं ऑफिस आता नऊला सुरू होऊन संध्याकाळी सुटतं, त्यामुळे मंगळवारी गटात मी उशिरा पोचते. रोज सकाळी साडेआठला मात्र आमचा फोन असतो, तो चुकवलेला नाही. उद्या दादांना दुसऱ्या फेरीला बोलावलंय. पगाराचं बोलणं निघालं तर काय म्हणायचं, ते आज दोनदा म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा उद्या सकाळी.